शुक्रवारी काय दाखवणार होतास?

संद्या, बाकी सगळं राहू दे, आधी एवढं सांग. शुक्रवारी तू मला काय दाखवणार होतास?

लोक तुझ्याबद्दल बोलताना गळा दाटून बोलतात आणि मी मेली या एका प्रश्नाला धरून बसले. रडले नाही असं नाही. उचगावात तुझ्या दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढलेलं बघितलं, गाडी कडेला लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता भरपूर रडले. पण रडून झालं की पुन्हा तेच. ‘शुक्रवारी घरी ये, दाखवतो,’ असं तू फोनवर म्हणालास. ऐकवतो म्हणाला नाहीस, दाखवतो म्हणालास. गाण्यावरून भांडण चाललेलं असताना माणूस दाखवणार तरी काय? हे बोलणं मंगळवारचं. बुधवारी तुला ताप भरला. तो शुक्रवार गेला, पुढचा शुक्रवार उजाडायच्या आत तू गेलास. दाखवायचं राहिलं ते राहिलंच.

आपली ओळख घरघरणाऱ्या मोटरीमुळं झाली, आठवतंय? आमच्या टाकीत पाणी चढवायची मोटर मी स्कूटरवर पायाशी ठेवून तुझ्याकडे आणली. तू ती चालू केलीस, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतलास, टोक मोटरीच्या अंगाला लावलंस आणि मूठ कानाला. डोळे मिटलेले. डॉक्टर पेशंटला तपासताना इतका गंभीर नसतो.

‘मॅडम, काय करता तुम्ही?’

‘फिजिक्स शिकवते. अकरावी-बारावीला.’

‘मग तुम्हीच सांगा की, काय झालंय हिला.’

मला कुठलं सांगता येतंय. तू हसलास. ‘वायंडिंग ठणठणीत हाय. बेअरिंग गेलंय.’ मागं भिंतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी टांगली होती आणि त्यांच्यातच एका खिळ्याला बेस गिटार. कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणालास, ‘माझंच. चारच तारा हायत, मोटरीपेक्षा सोपं.’ मी गाते हे मी त्या दिवशी तुला का सांगितलं, देव जाणे. सहसा मी ते कुणाला सांगत नसे. कॉलेजातल्या मॅडमनं गिटार अडकवून ओरडायचं म्हणजे आमच्या गल्लीत विषयच झाला असता.

त्या दिवसापासून मी ‘मास्तरीण’ झाले आणि तुझ्या दुकानावरचा पोटमाळा आपला झाला. लग्नाच्या बँडात ताशा वाजवून हात तयार झालेला, दिवसा टेम्पो चालवणारा इम्तियाज ड्रमवर, तू बेसवर, मी गिटार आणि गळा. खाली वॉर्निशचा वास, भट्टीत भाजायला ठेवलेली वायंडिंगं, आणि टेबलाला बोल्टनं आवळलेली तुझी ती जुनी तपासणीची मोटर. ती तू कधी बंद करायचा नाहीस. दुकान उघडं म्हणजे ती चालू.

बँडचं नाव तर आपल्याला गिऱ्हाइकानं दिलं. मलकापूरकडचा एक शेतकरी आपल्या जळलेल्या मोटरीत नवी तार भरून होण्याची वाट बघत खाली बसला होता आणि वर आपण जीव खाऊन वाजवत होतो. तू खाली उतरलास तसं त्यानं काळजीनं विचारलं, ‘पावणं, वर कुठल्या मोटरचा फेज गेलाय?’ तीनातला एक फेज गेला की मोटर अशीच कण्हते. इम्तियाज जिन्यावरच हसत बसला. त्या दिवसापासून आपण ‘फेज गेला’. तो माणूस आपला पहिला समीक्षक आणि खरं सांगू का, आजवरचा सगळ्यात प्रामाणिक.

सहा वर्षं वाजवलं आपण. आणि सहा वर्षांत आपल्यापैकी एकानंही सूर मिळवायचं यंत्र वापरलं नाही. माझ्या गिटारच्या पिशवीत ते पडलेलं असायचं, त्याची बॅटरी कधी संपली तेही कळलं नाही. तू एका कानाला स्क्रू ड्रायव्हरची मूठ लावायचास, टोक त्या चालू मोटरीवर, आणि दुसऱ्या हातानं बेसची तार छेडत खुंटी पिळायचास. मोटरीची घूं आणि तारेची घूं एक झाली की म्हणायचास, ‘बसलं.’ मग मी तुझ्याशी मिळवून घ्यायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वयंपाक करणारा चव बघतो तसा तू मोटर बघतोस, एवढंच वाटलं. वर्गात दर वर्षी ध्वनीचा धडा शिकवणारी बाई मी. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की ही मोटर कुठल्या सुरात घुमते ते एकदा तपासावं.

ते पुण्यात कळलं. ‘कोण हाय’ रेकॉर्ड करायला गेलो तेव्हा.

या गाण्यावरून आपण किती भांडलो रे. मी लिहिताना ‘कोण आहे’ लिहिलं होतं, मास्तरकीची सवय. तू कागद बघितलास. ‘दारात कोण आलं तर तुझी आई “कोण आहे” म्हणती व्हय?’

‘हो. माझी आई तसंच म्हणते.’

‘मग तिलाच गायला बोलव.’

दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माळ्यावर येऊन मुकाट्यानं गायले, ‘कोण हाय, दारात कोण हाय, कडी वाजली, माणूस न्हाय.’ इम्तियाजच्या हातावर काटा आला, त्यानं बाही वर करून दाखवला. तू मात्र ‘बघ, म्हटलं नव्हतं’ असलं काही बोलला नाहीस, नुसती मान डोलावलीस. जिंकल्यावर गप्प बसायची ही तुझी सवय मला तेव्हा फार चिडवायची.

तर पुणं. निघताना दुकानात नेहमीसारखे त्या मोटरीशी सूर मिळवूनच गेलो होतो. रेकॉर्डिंग छान झालं. मग त्या स्टुडिओतल्या इंजिनिअरनं म्हटलं की कडव्याखाली थोडा ऑर्गन घालू, आणि त्यानं कीबोर्डवर हात ठेवला मात्र, आपण तिघंही दचकलो. त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच, दात आंबल्यासारखं. त्यानं आपला एकेक ट्रॅक तपासला आणि खुर्ची वळवून म्हणाला, ‘तुम्ही सगळे थोडे वर आहात. एकमेकांशी बरोबर आहात, पण बाकी जगाशी नाही.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं आपण चुकीच्या सुरात वाजवत होतो, आणि तेही सगळे मिळून. असली चूक जगात दुसऱ्या कुणाच्या हातून होणार आहे? आणि तू? तू तर गालात हसत होतास. ‘ती मोटर,’ एवढंच म्हणालास आणि चहा प्यायला बाहेर गेलास.

काही अडचण नाही, कॉम्प्युटरवर सगळं गाणं जरासं खाली ओढून घेऊ, असं इंजिनिअर म्हणाला. त्याच्या ओळखीनं एका मोठ्या ॲपवर नव्या मराठी गाण्यांच्या यादीत आपलं गाणं पहिल्याच दिवशी घेणार होते. पण सूर नीट पाहिजे, ऑर्गन पाहिजे. मी हो म्हणाले. तुला न विचारता, तिथल्या तिथं.

गाडीत सांगितलं. कराड आल्यावर तू म्हणालास, ‘नको ओढू खाली.’ का, तर सांगता येत नाही म्हणालास. मी वैतागले. जो माणूस बंद मोटरीत काय बिघडलंय ते शब्दांत सांगतो, त्याला हे सांगता येत नाही? मग मंगळवारी तुझा फोन. ‘खाली ओढलंस तर घरात ऐकवणार न्हाय ते.’ मी म्हटलं, ‘घरात काय आणि दारात काय, सूर तो सूर. आणि हल्ली लोक कानात घालून ऐकतात.’ तू म्हणालास, ‘माझी आई न्हाय घालत कानात. तू शुक्रवारी घरी ये, दाखवतो.’ मी म्हटलं, ‘बघू.’

आता हे सांगायलाच पाहिजे. ‘बघू’ म्हणाले तेव्हा बघायचं काही शिल्लक नव्हतं. त्याच दिवशी सकाळी मी खाली ओढलेली फाइल पाठवून मोकळी झाले होते. तारीख पडली होती, यादीत नाव लागलं होतं. शुक्रवारी येऊन तुझं ऐकून घेईन, मान डोलावीन आणि मग सांगेन की आता उशीर झाला, असं मी मनात ठरवलं होतं. तू तापात पडलास तेव्हाही सांगितलं नाही. दवाखान्यात तू मला बघून म्हणालास, ‘मास्तरीण, गाणं कवा येतंय?’ मी तारीख सांगितली. कुठलं गाणं येतंय ते सांगितलं नाही. तू समाधानानं डोळे मिटलेस आणि मला त्या समाधानाची अजून लाज वाटते.

तू गेल्यावर काकूंकडून किल्ली मागून मी दुकानात गेले. ‘काय हुडकतीस?’ काकूंनी विचारलं. तुझी आई, तिला काय सांगणार? म्हटलं, माझी वायर राहिलीय. सगळं बघितलं, संद्या. खणात पक्कड, टेप, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या. माळ्यावरच्या भिंतीवर तुझ्या पेन्सिलीनं लिहिलेले गाण्यांचे क्रम. ‘कोण हाय’च्या खाली तू फक्त एक शब्द लिहून ठेवलायस, ‘घर’. यावरून मी काय समजायचं? खाली येऊन तुझी ती मोटर चालू केली. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. घूं. पाच मिनिटं ऐकलं. घूंच्या पलीकडं काही नाही. मनात म्हटलं, माणूस गेला आणि कोडं घालून गेला. तुझा रागच आला मला. उत्तर माझ्या कानात ओरडत होतं आणि मी स्विच बंद करून घरी आले.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी आणि इम्तियाज सकाळीच तुमच्या घरी आलो. दुसऱ्या दिवशी गाणं येणार होतं. वंदना झाली, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लागल्या, त्यांच्या शेजारी तुझा फोटो. फोटोसुद्धा काय निवडलाय, कुणाच्या तरी लग्नातला, कोटातला. तू त्यात पाहुणा दिसतोस. जेवणं झाली, पाव्हणेरावळे पांगले आणि काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ‘रेश्मा, तुमचं गाणं येणार म्हंतात उद्या. मला आज ऐकव की.’

ओटा भांड्यांनी भरलेला. म्हणून मी आणलेला छोटा स्पीकर तुमच्या त्या जुन्या फ्रिजवर ठेवला. गाणं लावलं. खाली ओढलेलं, ऑर्गन घातलेलं, यादीत लागलेलं.

काकू ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत होती. मलाही काहीतरी खुपायला लागलं. गाणं नीट चाललंय आणि त्याच्याखालून कोणीतरी गुरगुरतंय. व्वं, व्वं, व्वं, व्वं.

‘ह्येच गाणं व्हय?’ काकू म्हणाल्या. ‘संद्या तुमचं माळ्यावरचं मोबाइलवर लावायचा, तवा असं न्हवतं.’

‘असं म्हणजे कसं, काकू?’

‘तवा फ्रिज भांडत न्हवता.’

संद्या, मी कान फ्रिजजवळ नेला. दोन सूर अगदी जवळ असले, पण एक नसले, की आवाज असा कमी जास्त, कमी जास्त होत राहतो. दर वर्षी शिकवते मी हे. फळ्यावर लाटा काढते, पोरांना कंटाळा येईपर्यंत काढते. मोबाइलमध्ये आपलं मूळ रेकॉर्डिंग होतं, ते शोधलं. लावलं.

गुरगुर गेली. फ्रिजचा आवाज बंद झाला नव्हता, तो तसाच चालू होता, पण आता तो गाण्यात होता. तुझ्या बेसच्या खाली एक लांब, न तुटणारा सूर, जसा कुणी मागं तंबोरा धरून बसावा. मी फ्रिजच्या दारावर तळहात टेकवला. तू ‘दाखवतो’ म्हणाला होतास ते हे. तू माझा हात धरून इथंच टेकवणार होतास ना? की कानाला स्क्रू ड्रायव्हर लावायला लावला असतास?

इम्तियाज दारात उभा होता. त्याला काही विचारावं लागलं नाही. तो वर पंख्याकडं बघत म्हणाला, ‘ह्यो बी हाय की त्यात.’

वीज सगळीकडं तीच, रे. सेकंदाला पन्नास फेऱ्या, हे तर मी पहिल्या तासाला शिकवते. तुझ्या टेबलावरची मोटर ज्या विजेवर घुमत होती, तिच्यावरच तुमचा फ्रिज, आमचा पंखा, मलकापुरातल्या त्या शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर, गगनबावड्याला धुक्यात उभा असलेला ट्रान्सफॉर्मर. सगळे एकाच सुरात घुमतात आणि आपण सहा वर्षं त्यांच्याशीच मिळवून घेत होतो. तो इंजिनिअर म्हणाला होता, बाकी जगाशी बरोबर नाही. बाकी जग म्हणजे कीबोर्ड असं धरलं तर नाही. घर असं धरलं तर आपल्याइतकं बरोबर कुणीच नव्हतं. भिंतीवर तू लिहूनही ठेवलं होतंस.

मला आता खरंच जाणून घ्यायचंय, तुला हे सगळं ठाऊक होतं का? की नुसतं कानाला बरं वाटत होतं? आयटीआयला कुणी शिकवलं होतं, की एकदा काकूंना गाणं ऐकवताना तुझ्या लक्षात आलं? पुण्यात गालात हसलास तेव्हाच कळलं होतं की त्यानंतर? मला आधी का सांगितलं नाहीस? यातलं एकही उत्तर मला मिळणार नाही आणि रोज एखादा नवा प्रश्न सुचतो. काल तर वर्गात शिकवता शिकवता थांबले. तू विद्यार्थी असतास तर मला किती छळलं असतंस, हा विचार आला. मग वाटलं, सहा वर्षं विद्यार्थी मीच होते, फक्त माझं लक्ष नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या त्याच संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. गाणं मागं घ्या म्हटलं. तो बिचारा चांगला माणूस, त्यानं तीनदा विचारलं, ‘नक्की?’ मग सांगितलं की तारीख जाईल आणि यादीतली जागाही जाईल, पुन्हा मिळेलच असं नाही. त्या जागेसाठी मी तुझ्याशी खोटं बोलले होते, संद्या. हातात फोन धरून मी इम्तियाजकडं बघितलं. तो म्हणाला, ‘गेली तर गेली. आपण काय वाजवायचं सोडून पळून चाललोय?’

मी म्हटलं, नक्की.

आपलं गाणं गेल्या गुरुवारी आलं. ऑर्गन नाही, यादी नाही, जसं माळ्यावर वाजवायचो तसंच. फार कुणी ऐकलं असं नाही. इंजिनिअरचा निरोप आला, ‘अजून तुम्ही वरच आहात.’ त्याला सगळं समजावून सांगायला बसले आणि मग सोडून दिलं. म्हटलं, घरात लावून बघ, फ्रिजजवळ. तुझ्यासारखीच बोलायला लागले की मी.

मोटरी भरून न्यायला लोक अजून तुझ्या दारात येतात. शटर बघतात, हाक मारतात, परत जातात. ती तपासणीची मोटर मी माळ्यावर घेऊ का म्हणून काकूंना विचारणार आहे. तुझ्याशी खोटं बोलले, त्याची माफी मागायला आज तुमच्या घरी आले होते. तुझ्या फोटोसमोरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि काकूंनाच सगळं सांगितलं. फाइल, तारीख, ‘बघू’, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘त्याला सांगितलं असतंस तर दोन दिवस बोलला नसता. तिसऱ्या दिवशी आला असता.’ आणि मला चहा दिला.

मी म्हटलं, ‘काकू, गाणं लावू?’

‘थांब वाईच.’

‘का?’

त्यांनी फ्रिजकडं बोट केलं. तो बंद झाला होता. गार झालं की तो मधे थांबतो ना, तसा. स्वयंपाकघरात एकदम शांत होतं.

‘चालू होऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘मी रोज थांबते. एकट्याला कशाला गायला लावायचं?’

मग आम्ही दोघी चहाचे कप हातात धरून बसलो. त्या फ्रिजकडं बघत होत्या, मीही. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. बऱ्याच वेळानं आत टक् झालं, घूं सुरू झाली, आणि काकू म्हणाल्या, ‘आला. लाव आता.’